मारवाडातील दोन मराठी मुक्काम

प्रवासाचा बेत आखणे हे प्रत्यक्ष प्रवासापेक्षा स्वस्त आणि पुष्कळदा अधिक सुखाचे असते, असा आम्हां कारकून मंडळींचा अनुभव आहे. चार वर्षांच्या एका गटात एकदा, भारतात कोठेही सहकुटुंब जाऊन येण्याची सवलत सरकार देते. आणि ती कोठे वापरावी याची चर्चा बहुतेक घरांत साडेतीन वर्षे चालते. आमच्या घरीही तसेच झाले. अखेर गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी, चौबे कॉलोनीतील आमच्या बिऱ्हाडाच्या ओसरीवर, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, घरातील पाचही माणसांनी एकमताने ठराव केला, की यंदा वाळवंट पाहावयाचे.

ठराव एक, पण कारणे पाच होती. तीर्थरूपांना पुष्करचे स्नान हवे होते. सौभाग्यवतींना जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरून सूर्यास्त पाहावयाचा होता, आणि पाण्यावाचून स्वयंपाक कसा करतात हे तेथल्या बायकांकडून शिकून यावयाचे होते. सहावीतल्या चिरंजीवांना डोंगर चढावयाचे होते. धाकट्या कन्येला केवळ उंट हवा होता. आमचे स्वतःचे कारण आम्ही त्या दिवशी उघड केले नाही. मराठ्यांच्या उत्तरेकडील स्वाऱ्यांची हकीकत वाचताना 'नागौर' या नावापाशी आम्ही अनेक वेळा थांबलो होतो. ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा मनात पुष्कळ वर्षे होती.

रायपुरात बदलून येणाऱ्या मराठी माणसाला परकेपणा फार दिवस जाणवत नाही. १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ याच चौबे कॉलोनीत आहे, आणि संध्याकाळी त्या बाजूने जाताना दोनचार मराठी वाक्ये कानांवर पडल्यावाचून राहत नाहीत. परंतु छत्तीसगडात मराठी माणूस प्रथम आला तो बदलीच्या हुकुमावर नव्हे, घोड्यावर बसून. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर बंगालकडे जाताना रतनपूरवर उतरले आणि तेथील हैहय राजाने शरणागती पत्करली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून या प्रांताचा कारभार केला. त्यानंतर सुभेदार आले, आणि १८१८ साली इंग्रज. त्याच वर्षी कॅप्टन एडमंड्सच्या मागून आलेल्या कर्नल अ‍ॅग्न्यूने प्रांताचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. आज आम्ही ज्या शहरात खुर्चीवर बसून कागद पुढे सरकवितो, त्या शहराच्या राजधानीपणाचा प्रारंभ १८१८ सालच्या त्या एका बदलीत आहे. हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याची गरज पडणार आहे.

आमच्या समोरच्या घरात एक वृद्ध मारवाडी बाई राहतात. कॉलोनीतली सारी मुले त्यांना 'दादी' म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो. त्यांचे माहेर नागौरकडचे. वाळवंटाचा बेत ठरला असे ऐकून त्या दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आल्या. कोणत्या महिन्यात जावे, कोणते कपडे न्यावेत, मुलांना दुपारच्या उन्हात का हिंडू देऊ नये, हे सारे त्यांनी सौभाग्यवतींना समजावून सांगितले. बोलता बोलता आमच्या तोंडून नागौरचे नाव निघाले. दादींना नवल वाटले. वाळूसाठी लोक जैसलमेरला जातात, देवासाठी पुष्करला. नागौरला रायपूरचा माणूस कशासाठी जातो? तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितले, की आमच्या जयाप्पा शिंद्यांनी त्या किल्ल्याला वर्षाहून अधिक काळ वेढा घातला होता.

दादी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सालभर घेरा? तो फिर गाँववालों ने पानी कहाँ का पिया?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाण्याची घागर डोक्यावरून आणीत ज्या मुलखात बालपण गेले, तेथल्या बाईला वेढा या शब्दाचा जो पहिला अर्थ सुचावयाचा तोच सुचला. आम्ही मात्र निरुत्तर झालो. इतकी वर्षे त्या प्रकरणातल्या तारखा, रकमा आणि सरदारांची नावे आम्हाला पाठ होती. पाण्याचा प्रश्न एकदाही मनात आला नव्हता. चिरंजीव तेथेच बसून सारे ऐकत होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांनी विचारले, "बाबा, आपण तिथे कशाला गेलो होतो?"

या 'आपण'मुळे आमची झोप उडाली. जन्म रायपूरचा, शाळेची भाषा हिंदी, वर्गात चार मुले मारवाडी. तरीही १७५४ सालच्या फौजेत तो स्वतःला धरून चालला होता. तसे धरावयास आम्हीच त्याला शिकविले होते. तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारीही आमचीच. कारकुनाच्या सवयीप्रमाणे आम्ही उत्तराचा मसुदा तयार करण्यास बसलो.

पहिल्या मसुद्यात आम्ही लिहिले: 'रामसिंहास त्याचा हक्क मिळवून देण्यासाठी.' हे अगदीच खोटे नाही. मारवाडचे महाराज अभयसिंह १७४९ साली वारले आणि त्यांचा मुलगा रामसिंह गादीवर आला. अभयसिंहांचा भाऊ बखतसिंह नागौरचा धनी होता. याच बखतसिंहाने १७२४ साली आपला बाप अजितसिंह याचा खून केला होता. १७५१ साली त्याने पुतण्याला हुसकून जोधपूर घेतले. १७५२ साली तो मरण पावला आणि त्याचा मुलगा विजयसिंह राजा झाला. परागंदा रामसिंहाने मराठ्यांचे साहाय्य मागितले, आणि राणोजी शिंद्यांचे वडील पुत्र जयाप्पा मोठी फौज घेऊन मारवाडात उतरले. सप्टेंबर १७५४ मध्ये मेडत्याच्या परिसरात लढाई झाली. विजयसिंहाचा पराभव झाला आणि तो पळून नागौरच्या किल्ल्यात शिरला. जयाप्पांनी किल्ल्यास वेढा घातला.

पण हा मसुदा आम्हालाच पटेना. गादीच्या भांडणात एका पक्षाची बाजू घेऊन मराठे राजपुतान्यात जात, ते न्यायाधीश म्हणून खास नव्हे. आमच्या प्रवासात मोटार जेथून सुरू व्हावयाची त्या जयपुरातच त्याचा पुरावा आहे. तेथील ईश्वरीसिंहाने मराठ्यांच्या पैशाच्या तगाद्यापायी डिसेंबर १७५० मध्ये आत्महत्या केली. ज्या माधोसिंहाला मराठ्यांनी गादीवर बसविले, त्याच्याच शहरात जानेवारी १७५१ मध्ये लोकांनी उठून दिसेल त्या मराठ्याची कत्तल केली. ज्यांचे हक्क आपण मिळवून दिले तेही आपल्यावर असे का उलटले, याचा विचार आपल्या शालेय पुस्तकांत आढळत नाही.

दुसरा मसुदा 'साम्राज्यविस्तारासाठी' असा होता. शब्द भारदस्त, परंतु अकरा वर्षांच्या मुलास सांगण्याजोगा नव्हे, आणि खराही नव्हे. मारवाड खालसा करून तेथे राज्य चालविण्याचा मराठ्यांचा विचार नव्हता. उलट, नागौरचे प्रकरण लांबत चालले तेव्हा ते मिटते घ्यावे आणि फौज मोकळी करावी, असेच पेशव्यांकडून जयाप्पांस लिहिले जात होते. जयाप्पा मात्र हट्टास पेटले होते.

तिसरा मसुदा एका शब्दाचा होता: 'वसुलीसाठी.' तोच आम्ही कायम केला.

वसुली थकली की अधिकारी दौऱ्यावर जातो, दौरा लांबला की भत्ता वाढतो, आणि भत्ता वाढला की वसूल करावयाची रक्कम आणखी फुगते. हे चक्र आम्हां नोकरमंडळींना चांगले परिचित आहे. नागौरपुढे तेच झाले. मारवाड म्हणजे माळवा नव्हे. आमच्या रायपूरला वर्षाकाठी सुमारे १२० सेंटिमीटर पाऊस पडतो. जोधपुरास त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका, आणि जैसलमेरास जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शाइतका. विहिरी खोल, पाणी पुष्कळ ठिकाणी खारे. किल्ल्यात पावसाचे पाणी साठविण्याची व खेळविण्याची जुनी व्यवस्था होती. आत कोंडलेला विजयसिंह तिच्या बळावर तग धरू शकत होता. बाहेर हजारो घोडी, बैल आणि माणसे उघड्या माळावर होती. दादींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हाला येथे सापडले: किल्ल्यातल्यांनी टाक्यांतले पाणी प्यायले. उरलेले अर्धे, म्हणजे आसपासच्या खेड्यांतील विहिरींवर पहिला हक्क कोणाचा राहिला असेल, ते उघड आहे. ज्याच्या हाती भाला त्याचा.

जुलै १७५५ मध्ये, तहाची बोलणी चालू असतानाच, नागौरजवळ ताऊसर येथील छावणीत जयाप्पांचा खून झाला. मारेकरी छावणीत शिरले कसे, याविषयीच्या हकीकती एकसारख्या नाहीत. दोघा शिपायांनी हिशेबावरून भांडण झाल्याचे सोंग केले आणि दाद मागण्याच्या मिषाने जयाप्पांना गाठले, असे कर्नल टॉडने लिहून ठेवले आहे. राठोडांनी हे कपट केले यात शंका नाही. परंतु त्यानंतर घडले ते आपल्याकडे दबक्या आवाजात सांगितले जाते. संतापलेल्या मराठ्यांनी छावणीत असलेल्या राजपूत वकिलांवर शस्त्र चालविले. मेवाडच्या महाराण्यातर्फे मध्यस्थीसाठी आलेले सलूंबरचे रावत जैतसिंहही त्यात मारले गेले. समेटासाठी आलेल्या पाहुण्याचे रक्त त्या वाळूत सांडले, ते आपल्या हातून.

जयाप्पांचे धाकटे बंधू दत्ताजी यांनी वेढा उठविला नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये तह झाला. विजयसिंहाने पन्नास लाख रुपये द्यावयाचे कबूल केले आणि अजमेर मराठ्यांच्या ताब्यात आले. जयाप्पांच्या रक्ताची भरपाई म्हणून ते दिले गेले, अशी समजूत आहे. अशा भरपाईला राजपुतान्यात 'मुंडकटी' म्हणत. कागदावरचा आकडा आणि तिजोरीतला आकडा यांत किती अंतर असते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. पुढची किंमत मात्र रोख मोजावी लागली. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी बुराडी घाटावर पडले. एका वर्षाने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर मराठी फौज उपाशी उभी होती तेव्हा राजपुतान्यातला एकही मोठा राजा तिच्या बाजूने उभा राहिला नाही. अजमेर पुन्हा गेले, पुन्हा मिळाले. महादजी शिंद्यांच्या फौजेने द बॉयनच्या पलटणींसह २० जून १७९० रोजी पाटणला आणि १० सप्टेंबर १७९० रोजी मेडत्याला विजय मिळविले. मेडत्याला राठोड स्वार तोफांच्या तोंडावर घोडे घालून मेले. अठ्ठावीस वर्षांनी, १८१८ साली, तेच अजमेर शिंद्यांनी इंग्रजांच्या स्वाधीन केले.

पहिला मराठी मुक्काम तो असा. ताऊसर येथे जयाप्पांची छत्री आहे. ती पाहावयाची हे नक्की होते. परंतु आता ती पाहताना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून काय सांगावे, याचा प्रश्न राहिला होता.

मध्यंतरी घरात बेताचे दुसरे अंग जोरात होते. दादींनी एके दिवशी एका पुरचुंडीत वाळलेली सांगरी आणि केर आणून दिले. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा. केर म्हणजे एका काटेरी, बिनपानाच्या झुडपाची गोलसर फळे. केर कडू असतो, म्हणून तो मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवावा लागतो. सांगरी रात्रभर भिजवून उकडावयाची. मग दोन्ही एकत्र करून तेल, लाल मिरची आणि आमचूर घालून परतावयाची. त्यात कुमटाच्या बिया, गुंदा वगैरे घातले की पाच जिनसांचा 'पंचकुटा' होतो. भाजी दोनचार दिवस टिकते आणि प्रवासात बरोबर नेता येते. आमच्याकडे पहिल्या दिवशी ती थोडी कडूच झाली; चिरंजीवांनी ती 'औषध' म्हणून बाजूला सारली. दुसऱ्या खेपेस सौभाग्यवतींनी केर तीन दिवस ताकात ठेवला, तेव्हा ताट निपटून पुसले गेले.

या स्वयंपाकात इतिहास भरलेला आहे. पाणी थोडे म्हणून ताक, दूध आणि तूप; हिरवी भाजी नाही म्हणून वाळवण; डाळीचे पीठ आहे म्हणून गट्टे, पापड आणि मंगोडी. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, पडलेल्या भयंकर दुष्काळास तिकडे 'छप्पनिया' म्हणतात. अशा काळात पिके जातात, पण खेजडी उभी राहते. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी हीच झाडे महाराज अभयसिंहांच्या माणसांपासून वाचविण्यासाठी अमृतादेवी आणि तिच्यामागून शेकडो बिश्नोई स्त्रीपुरुषांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले. त्यांची संख्या ३६३ सांगतात. ज्या झाडाची शेंग आमच्या पातेल्यात शिजत होती, त्याची ही किंमत ऐकल्यावर मुलांनी पानात काही टाकले नाही.

बाजरीचे पीठ ताकात कालवून, आंबवून आणि शिजवून केलेली राबडी दादींनी करून दाखविली, तेव्हा तीर्थरूपांना आपल्या गावच्या आंबिलीची आठवण झाली. आमच्याकडे कामास येणाऱ्या छत्तीसगडी बाई म्हणाल्या, ही तर आमची बासी. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी मीठ-कांद्याशी खातात ती बासी. बाजरी, ज्वारी, तांदूळ. तीन मुलूख, तीन धान्ये, आणि उन्हाळा सोसण्याची युक्ती एकच. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात तीन प्रांतांचा तह बिनखंडणीचा झाला.

आता दुसऱ्या मुक्कामाकडे वळू. तो आम्हाला शोधावा लागला नाही, या. मा. काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' पुन्हा वाचताना तो आपण होऊन समोर आला. शोधत होतो रायपूर, सापडले जोधपूर.

दुसरे रघूजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी शरीराने व बुद्धीने दुर्बळ. कारभार पुतण्या मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांच्या हाती आला. त्यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत आढळला आणि खुनाचा संशय अप्पासाहेबांवरच आला. तेव्हा ही काही निष्कलंक व्यक्ती नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. पुढे तेच अप्पासाहेब इंग्रजांवर उलटले. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई झाली, तीत भोसल्यांच्या फौजेस यश आले नाही. १६ डिसेंबरला नागपूरपुढे पुन्हा पराभव झाला. १८१८ च्या मार्चमध्ये अप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केले. वाटेत, मे महिन्यात, जबलपूरच्या बाजूला पहाऱ्यातील काही शिपायांना फितवून, शिपायाच्याच वेशात ते निसटले.

त्यानंतरची त्यांची भटकंती एखाद्या कादंबरीत शोभेल अशी आहे. प्रथम पचमढीच्या महादेव डोंगरात गोंडांच्या आश्रयाने; तेथून १८१९ च्या आरंभी चितू पेंढाऱ्यासह असीरगडाकडे. चितूला जंगलात वाघाने खाल्ले. एप्रिल १८१९ मध्ये असीरगड पडला, पण अप्पासाहेब तेथे सापडले नाहीत. पुढे पंजाब, हिमालयाच्या पायथ्याचे डोंगर, आणि वर्षानुवर्षे अज्ञातवास. १८२० च्या दशकाच्या अखेरीस हा थकलेला, राज्य गेलेला माणूस जोधपूरच्या वेशीशी येऊन उभा राहिला.

जोधपूरच्या गादीवर त्या वेळी महाराज मानसिंह होते. नागौरात कोंडलेल्या त्या विजयसिंहाचे ते नातू. ज्यांच्या फौजेने आजोबांचा मुलूख उजाड केला, आणि मेडत्यावर राठोडांची एक पिढी तोफांखाली घातली, त्या मराठ्यांपैकीच एकजण आश्रय मागत होता. मराठ्यांतही शिंदे वेगळे आणि भोसले वेगळे, हा भेद पुण्यात महत्त्वाचा. मारवाडच्या शेतकऱ्याला त्याचे काय? शिवाय ६ जानेवारी १८१८ च्या तहाने जोधपूर इंग्रजांचे मांडलिक झाले होते. कंपनी सरकारचा फरारी कैदी ठेवून घेणे म्हणजे संस्थानावर संकट ओढवून घेणे होते.

मानसिंहांनी त्यांना ठेवून घेतले. हे महाराज नाथपंथाचे निस्सीम भक्त. त्यांनी बांधलेल्या महामंदिराला आश्रयस्थानाचा मान होता. तेथे शरण आलेल्यास हात लावावयाचा नाही, अशी रीत. इंग्रजांनी अप्पासाहेबांची मागणी केली. मानसिंहांनी शरणागताला देण्याचे नाकारले. अखेर त्यांच्यावर नजर ठेवण्याची जबाबदारी महाराजांवर टाकून इंग्रजांनी तो विषय सोडला. १८३२ साली गव्हर्नर-जनरल बेंटिंकने अजमेरास दरबार भरविला, त्यालाही मानसिंह गेले नाहीत. १८४० साली अप्पासाहेब जोधपुरातच वारले. नागपूरच्या गादीवरून उठलेल्या माणसाचा शेवटचा श्वास मारवाडच्या कोरड्या हवेत मिसळला.

मानसिंहांना आम्ही साधू समजत नाही. त्यांच्या स्वतःच्या घरातील आणि सरदारांशी झालेल्या वैराच्या कथा काही सुखद नाहीत. परंतु या एका प्रकरणात त्यांनी केले ते थोडके नव्हे. भाला घेऊन आलेल्या मराठ्याला मारवाडने कपटाने मारले. रिकाम्या हातांनी आलेल्या मराठ्याला त्याच मारवाडने जिवाची जोखीम घेऊन सांभाळले. दोन मुक्काम एकमेकांपासून मोटारीच्या तीन तासांच्या वाटेवर आहेत. जयाप्पांची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अप्पासाहेबांची कथा, ज्यांच्या राज्यात आमचे आजचे बिऱ्हाड आहे त्यांची, आम्हाला पस्तिशी गाठल्यावर कळली. आणि जे १८१८ साल आम्ही वाचकांना ध्यानात ठेवावयास सांगितले, तेच या दोन्ही शहरांना जोडते. त्या वर्षी नागपूरचा राजा परागंदा झाला, म्हणून अ‍ॅग्न्यू इकडे आला. अ‍ॅग्न्यू आला, म्हणून रायपूर मुख्य ठाणे झाले.

हे सारे कळल्यावर बेताचा कागद आम्ही नव्याने लिहिला. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतला, दिवाळीनंतरचा आठवडा. रजेचा अर्ज एकदा शेरा मारून परत आला: भाड्याच्या मोटारीचा खर्च सवलतीत बसत नाही. नियम बरोबरच आहे. तेव्हा रेल्वेचे भाडे सरकारचे आणि मोटारीचे आमचे, अशी वाटणी ठरली. मागितलेल्या बारा दिवसांचे नऊ झाले. नऊ दिवसांत सारे बसेना. घरात पुन्हा बैठक भरली. वाळूच्या टेकड्यांवरची दुसरी रात्र सोडली तर नागौरला मुक्काम करता येत होता. ती रात्र सौभाग्यवतींची होती, आणि ती सोडा असे म्हणण्याचा धीर आम्हाला होईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "नागौरला राहू या. दादींच्या माहेरी पाणी पिऊन येऊ."

आता बेत असा आहे. जयपूरपर्यंत रेल्वे, तेथून मोटारीने अजमेर, सुमारे १३५ किलोमीटर. पहाटे तारागड पायी चढावयाचा. मग नागपहाडाची खिंड ओलांडून पुष्कर आणि तीर्थरूपांचे स्नान. तेथून मेडत्यावरून नागौर. दुसऱ्या सकाळी किल्ल्यातली पाण्याची व्यवस्था, आणि ताऊसरची छत्री. पुढे सुमारे १३५ किलोमीटरांवर जोधपूर. तेथे मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा यांच्या नावाचे खडकाळ उद्यान आहे. वाळवंटी झाडेझुडपे ओळखीत त्यातून पायी हिंडता येते, आणि केर व खेजडी मुलांना झाडावर दाखविता येतील. मंडोर, महामंदिर, वाटेत ओसियां. मग जैसलमेर आणि वाळूवरची एकच रात्र. प्रत्येक माणसामागे रोजचे चार लिटर पाणी मोटारीत, आणि दुपारी बारा ते तीन पायपीट बंद. हे कलम दादींचे. त्यावर चर्चा नाही.

आणि चिरंजीवांच्या प्रश्नाचे उत्तर? ते आम्ही एका संध्याकाळी दिले. म्हटले, "वसुलीला गेलो होतो. त्यांच्याकडे फारसे नव्हते, तरी मागितले." त्यांनी थोडा विचार करून विचारले, "मग नंतर आपला राजा त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी पैसे मागितले?" नाही म्हणून सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, नकाशावर नागौरपासून जोधपूरपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढीत बसले.

परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या बांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते, की जेथे बदली होईल तेथे आपल्या पूर्वजांची पावले कोठे उमटली आहेत हे अवश्य शोधावे. पण ती पावले ज्यांच्या शेतातून गेली त्यांनाही त्याविषयी विचारावे. असो. दादींनी नागौरहून आणावयाच्या वस्तूंची यादी दिली आहे. तीत एकच वस्तू आहे: तिकडची वाळविलेली मेथी. ती आम्ही विकत घेऊ, आणि पूर्ण दाम देऊन.